बार्शी, श्रीरामपूर आणि दुहेरीचं कोर्ट

ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिंपिकच्या टेनिस कोर्टवर सानिया मिर्झाच्या शेजारी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे उभी होती. समोर चीनच्या झांग शुआई आणि पेंग शुआई होत्या. सामना तिसऱ्या सेटपर्यंत ताणला गेला आणि तो सेट भारतीय जोडीने ५-७ असा गमावला. पहिल्याच फेरीत पराभव झाला म्हणून बातमी लहान झाली. तालुक्याच्या गावातून आलेली एक मराठी मुलगी ऑलिंपिकमध्ये टेनिस खेळली, आणि दुहेरीच्या जोरावर खेळली, ही मोठी बातमी मात्र फारशा कुणाच्या लक्षात राहिली नाही.

त्याआधी दोन वर्षं, २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडास्पर्धेत, याच जोडीने महिला दुहेरीचं कांस्यपदक आणलं होतं. पुढे ३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोउ इथल्या आशियाई क्रीडास्पर्धेत आणखी एक मराठी नाव झळकलं. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीची अंतिम लढत खेळत होती. तैवानच्या जोडीने पहिला सेट ६-२ असा सहज घेतला. दुसरा सेट भारतीय जोडीने ६-३ असा फिरवला आणि निर्णायक टायब्रेक १०-४ असा जिंकून सुवर्णपदक मिळवलं.

बार्शी आणि श्रीरामपूर ही गावं मुंबई-पुण्यापेक्षा जळगाव-धुळ्याच्या जवळची आहेत. अंतराने नव्हे, परिस्थितीने. थोडी कोर्टं, थोडे प्रशिक्षक, मोठ्या स्पर्धेसाठी दूरचा प्रवास. म्हणून खान्देशातल्या पालकांनी आणि मुलांनी दुहेरीचा खेळाडू हा पेशा नीट समजून घ्यायला हवा. तो कसा घडतो, काय खेळतो, कशावर जगतो आणि किती काळ टिकतो?

साडेचार फुटांचा फरक

टेनिसचं कोर्ट ७८ फूट लांब असतं. एकेरीत त्याची रुंदी २७ फूट धरतात. दुहेरीत दोन्ही बाजूंच्या साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या खेळात येतात आणि रुंदी ३६ फूट होते. जागा एक तृतीयांशाने वाढते, पण ती राखणारी माणसं दुप्पट होतात. मोकळी जागा त्यामुळे उलट कमी होते. एकेरीत मागच्या रेषेजवळ उभं राहून प्रतिस्पर्ध्याला डावीकडून उजवीकडे पळवत दमवता येतं. दुहेरीत तसा वेळच मिळत नाही. एक जण सर्व्हिस करतो तेव्हा त्याचा जोडीदार नेटजवळ तयार असतो आणि परतीचा फटका जरा उंच आला की तिथल्या तिथे गुण संपवतो.

त्यामुळे दुहेरीच्या खेळाडूची हत्यारं वेगळी असतात. पहिली सर्व्हिस जास्तीत जास्त वेळा कोर्टात पडली पाहिजे, कारण दुसऱ्या सर्व्हिसवर समोरचा तुटून पडतो. परतीचा फटका नेटच्या जेमतेम वरून, पुढे धावत येणाऱ्याच्या पायाशी पडला पाहिजे. व्हॉलीला, म्हणजे टप्पा पडण्याआधीच मारलेल्या फटक्याला, लांब हात फिरवायची सवड नसते. मनगट घट्ट आणि नजर चेंडूवर, एवढंच हातात असतं. लॉब, म्हणजे डोक्यावरून जाणारा उंच फटका, टाकायचा तर नेटवरच्या उंच खेळाडूच्याही हाती लागू नये इतका वरून टाकावा लागतो.

सामना पाहताना एक खूण सहज दिसते. सर्व्हिसआधी नेटवरचा खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटांनी इशारा करतो. सर्व्हिस कुठे टाकायची आणि आपण आडवे सरकणार की जागेवर राहणार, हे त्या इशाऱ्यात ठरलेलं असतं. कधी कधी तो कोर्टाच्या अगदी मधोमध, नेटखाली वाकून बसतो. चेंडू निघाल्यावर तो डावीकडे झेपावेल की उजवीकडे, हे परतीचा फटका मारणाऱ्याला कळत नाही. तेवढा अर्धा क्षण त्याचं मन विचलित करायला पुरतो. दर गुणानंतर दोघं जवळ येऊन तोंडापुढे चेंडू धरून कुजबुजतात, तेव्हाही पुढच्या गुणाचं नियोजन चालू असतं.

व्यावसायिक दुहेरीचे नियमही वेगळे आहेत. पुरुषांच्या एटीपी सर्किटवर २००६ पासून दुहेरीत गेम ४०-४० असा बरोबरीत आला की ‘ॲडव्हान्टेज’ नसतो. एकच गुण खेळायचा आणि तो जिंकेल त्याचा गेम. ती सर्व्हिस दोघांपैकी कुणी परतवायची, हे परतवणारी जोडी ठरवते. दोन्ही जोड्यांनी एकेक सेट जिंकला तर तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक होतो. ग्रँड स्लॅममध्ये पुरुष आणि महिला दुहेरीला पूर्ण तिसरा सेट असतो, पण एरवी वर्षभर निकाल दोन-चार गुणांवर लागतो. म्हणून या खेळात नावाजलेली जोडीही अनेकदा पहिल्या फेरीत हरते आणि नवखी जोडी आठवड्याभरात विजेती होऊन जाते. ते दोन-चार गुण खेळायचे कसे, याचा सराव करणं हेच दुहेरीच्या तज्ज्ञाचं काम आहे.

भारताचं टेनिस कशावर उभं आहे

वरिष्ठ गटातलं एकेरीचं ग्रँड स्लॅम आजवर एकाही भारतीयाला जिंकता आलेलं नाही. आपली सगळी ग्रँड स्लॅम विजेतेपदं दुहेरी आणि मिश्र दुहेरीतली आहेत. १९९७ मध्ये महेश भूपतीने जपानच्या रिका हिराकीसोबत फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली आणि ही मालिका सुरू झाली. १९९९ मध्ये लिअँडर पेस आणि भूपती ही जोडी एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोचली आणि त्यांतली फ्रेंच ओपन व विम्बल्डन तिने जिंकली. पेसच्या खात्यावर अखेरीस पुरुष दुहेरीची ८ आणि मिश्र दुहेरीची १०, अशी १८ विजेतेपदं जमा झाली.

महाराष्ट्राचा धागा यात आधीपासून आहे. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत पेसच्या साथीने पुरुष दुहेरीचं सुवर्ण जिंकणारा गौरव नाटेकर हा बॅडमिंटनपटू नंदू नाटेकरांचा मुलगा. मुंबईच्या पूरव राजाने दिविज शरणसोबत २०१३ मध्ये बोगोटा आणि २०१६ मध्ये लॉस काबोस इथल्या एटीपी स्पर्धा जिंकल्या आणि २०१७ मध्ये जागतिक दुहेरी क्रमवारीत ५२ वा क्रमांक गाठला. एकेरीत हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. दुहेरीत मात्र तो वर्षानुवर्षं जगभरच्या स्पर्धांत उतरत राहिला.

पुण्याच्या अर्जुन कढेचा प्रवास जास्त बोलका आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात शिकता-खेळताना तो घडला. परतल्यावर बरीच वर्षं तो एकेरी आणि दुहेरी दोन्ही खेळला. पुण्याच्या महाराष्ट्र ओपनमध्ये त्याला एकेरीतही वाइल्ड कार्डने प्रवेश मिळाला होता. हळूहळू त्याचं बळ दुहेरीत आहे हे स्पष्ट झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये कझाकस्तानातल्या अल्माटी इथे त्याने हृत्विक बोल्लिपल्लीच्या साथीने एटीपी २५० दर्जाची स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात या जोडीने पहिला सेट गमावला, दुसरा टायब्रेकवर घेतला आणि निर्णायक टायब्रेक १४-१२ असा खेचून आणला. दोघांचंही ते या पातळीवरचं पहिलं विजेतेपद होतं. अर्जुनने तेव्हा तिशी ओलांडली होती.

जोडीदार

एकेरीचा खेळाडू प्रशिक्षक निवडतो. दुहेरीच्या खेळाडूला त्याआधी जोडीदार निवडावा लागतो, आणि बहुतेक वेळा हाच निर्णय सर्वांत अवघड असतो. खान्देशात पोळ्याला बैल सजवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, जोडीतला एक बैल फार ताकदवान असून भागत नाही, दोघांची चाल जुळावी लागते. कोर्टवरही तसंच आहे. एकाची सर्व्हिस जोरदार असेल तर दुसऱ्याचा हात नेटवर चपळ लागतो. एक आक्रमक असेल तर दुसरा शांत लागतो. एक डावखुरा आणि एक उजवा असेल तर आणखी फायदा होतो, कारण प्रतिस्पर्ध्याला प्रत्येक गेममध्ये वेगळ्या फिरकीची सर्व्हिस परतवावी लागते.

कोण कुठल्या बाजूला उभं राहून सर्व्हिस परतवणार, हेही जोडी जमवतानाच ठरतं. उजवी बाजू आणि डावी बाजू यांचे फटके वेगळे आणि जबाबदाऱ्याही वेगळ्या. वर्षानुवर्षं एका बाजूला खेळलेला खेळाडू नव्या जोडीदारासाठी बाजू बदलतो, तेव्हा त्याला निम्मा खेळ नव्याने शिकावा लागतो.

जोडी जमली की काय होतं, याचं मोठं उदाहरण सानिया मिर्झा. एकेरीत ती जगात २७ व्या क्रमांकापर्यंत पोचली होती. दुखापतींनी सतावल्यावर २०१३ मध्ये तिने एकेरी सोडली आणि सगळा भर दुहेरीवर दिला. २०१५ मध्ये मार्टिना हिंगिसशी तिची जोडी जमली. त्याच वर्षी ती दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर गेली. विम्बल्डन, यूएस ओपन आणि पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन ही तीन विजेतेपदं या जोडीने ओळीने घेतली. हिंगिसचा नेटवरचा हात आणि सानियाचा मागच्या रेषेवरून येणारा सणसणीत फोरहँड, दोघींचं बळ एकमेकींना पूरक होतं.

सगळ्यांच्या नशिबी अशी जोडी येत नाही. खालच्या पातळीवर जोडीदार दर दोन-तीन आठवड्यांनी बदलतो. कुणाला दुखापत होते, कुणाचा व्हिसा अडतो, कुणाची क्रमवारी घसरते. स्पर्धेत प्रवेश दोघांच्या क्रमांकांची बेरीज पाहून मिळतो, त्यामुळे एकाचा क्रमांक घसरला तर दुसऱ्याचीही दारं बंद होतात. दुहेरीच्या खेळाडूला म्हणून माणसं जपावी लागतात, फोन करावे लागतात, हरल्यावरही चेहरा सांभाळावा लागतो. जोडीदारावर चिडणारा चांगला खेळाडू लवकरच एकटा पडतो.

पैशाचं गणित

इथे पालकांनी डोळे उघडे ठेवावेत. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या विजेत्याला ३० लाख पौंड मिळाले, तर दुहेरीच्या विजेत्या जोडीला दोघांत मिळून ६ लाख ८० हजार. एकेरीत पहिल्याच फेरीत हरणारा खेळाडू ६६ हजार पौंड घेऊन गेला. दुहेरीत पहिल्या फेरीत हरलेल्या जोडीला मिळाले १६ हजार ५००, आणि तेही दोघांत वाटून.

हे शिखरावरचं चित्र झालं. तळाशी असतात आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या १५ हजार डॉलर बक्षिसांच्या स्पर्धा. ही रक्कम संपूर्ण स्पर्धेची असते. तिथली दुहेरी जिंकूनही जोडीला हजार डॉलरच्या आतच रक्कम मिळते. त्यातून कर, प्रवास, हॉटेल, रॅकेटच्या तारा आणि प्रशिक्षकाचे पैसे भागवायचे म्हणजे जिंकूनही आठवडा तोट्यात जातो. त्यावर चॅलेंजर स्पर्धांची पायरी, मग पुरुषांच्या एटीपी किंवा महिलांच्या डब्ल्यूटीए स्पर्धा आणि सर्वांत वर ग्रँड स्लॅम. दुहेरीत साधारण पहिल्या शंभरात येईपर्यंत बहुतेकांचा खर्च घरातून, प्रायोजकाकडून किंवा नोकरी देणाऱ्या संस्थेकडून चालतो.

दुहेरीत काही सोयीही आहेत. दोघं एका खोलीत राहतात, एकच प्रशिक्षक वाटून घेतात. शरीराची झीज एकेरीपेक्षा कमी होते, त्यामुळे कारकीर्द लांबते. रोहन बोपण्णाने जानेवारी २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डेनसोबत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक मिळवला तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. त्याआधी तो पहिल्यांदा ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरीच्या अंतिम फेरीत खेळला होता तो २०१० मध्ये. मधली चौदा वर्षं तो जोडीदार बदलत आणि दुखऱ्या गुडघ्यांशी झगडत खेळत राहिला. गुडघे सावरले ते अय्यंगार योगामुळे, असं त्याने जाहीरपणे सांगितलं आहे. ही योगपद्धती ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या बी. के. एस. अय्यंगारांची संस्था पुण्यातच आहे.

अलीकडे दुहेरीच्या तज्ज्ञांपुढे नवा धोका उभा आहे. आयोजकांना प्रेक्षक हवेत आणि प्रेक्षक येतात एकेरीच्या ताऱ्यांसाठी. २०२५ मध्ये यूएस ओपनने मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात नेली, फक्त १६ जोड्या ठेवल्या, सेट लहान केले, दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं आणि बहुतेक जागा एकेरीच्या नामवंतांना दिल्या. दुहेरीचे खेळाडू नाराज झाले, आणि ते रास्तच होतं. पण निकाल त्यांच्या बाजूने लागला. इटलीच्या सारा एरानी आणि आंद्रेआ वावासोरी या मुरलेल्या जोडीने अंतिम सामन्यात इगा श्वियाँतेक आणि कॅस्पर रूड यांना हरवलं. एकेरीत मोठा असलेला खेळाडू दुहेरीत आपोआप मोठा ठरत नाही, याचा याहून ठळक पुरावा मिळणार नाही.

खान्देशातून वाट कशी निघते

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा टेनिस खेळायचं ते उजाडताना किंवा दिवे लागल्यावर. कोर्ट एक आणि मुलं चार, असं असलं की एकेरीचा सराव करणाऱ्या दोघांना कठड्यावर बसून राहावं लागतं. दुहेरीत चौघंही एकाच वेळी खेळतात. कोर्टांची टंचाई ही लहान शहरांची अडचण आहे, पण दुहेरी शिकवायला तीच संधी आहे. सर्व्हिस, परतीचा फटका, व्हॉली आणि जोडीदाराशी बोलणं, हे सगळं एका तासात चौघांना देता येतं.

अर्थात बाराव्या वर्षीच मुलाला फक्त दुहेरीचा खेळाडू करायचं नसतं. ताकद, पायांची हालचाल आणि फटक्यांचा पाया एकेरीतच पक्का होतो. पेस, सानिया, अर्जुन हे सगळे आधी एकेरी खेळले. पण दुहेरीला शनिवारची गंमत समजून सोडून देणंही चुकीचं आहे. आठवड्यातले ठरावीक दिवस एका कायम जोडीदाराबरोबर पद्धतशीर सराव व्हायला हवा.

शिक्षणाशी याची सांगड घालता येते. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या सांघिक लढतीत आधी दुहेरीचे तीन सामने होतात, त्यांतले दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण मिळतो आणि मग एकेरीचे सहा सामने खेळले जातात. त्या एका गुणासाठी तिथले प्रशिक्षक दुहेरीचे चांगले खेळाडू शोधत असतात. अर्जुन ओक्लाहोमात आणि ऋतुजा टेक्सास ए अँड एम विद्यापीठात याच व्यवस्थेतून शिकले-खेळले. खेळ पुढे नेता आला नाही तरी हातात पदवी राहते.

घराजवळचीही दारं आहेत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० पासून जळगावात आहे आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांची वाट तिथून जाते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. धुळं मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांवर वसलेलं आहे आणि जळगाव-भुसावळ रेल्वेच्या मोठ्या मार्गांवर. पुण्याच्या बालेवाडीला किंवा स्पर्धा भरतात त्या नागपूर, मुंबईला रात्रीच्या प्रवासाने पोचता येतं. प्रवास थकवणारा आहे, पण बार्शी आणि श्रीरामपूरच्या मुलींनाही खेळासाठी घरापासून लांब जावंच लागलं. प्रार्थनाने तर हैदराबादला सानियाच्या अकादमीत सराव केला.

देशासाठी खेळायचं तर दुहेरीचं मोल आणखी वाढतं. महिलांच्या बिली जीन किंग कपमध्ये गट पातळीवर दोन देशांच्या लढतीत एकेरीचे दोन आणि दुहेरीचा एक सामना असतो. १-१ अशी बरोबरी झाली की सगळं दुहेरीवर येतं. एप्रिल २०२५ मध्ये बालेवाडीत झालेल्या आशिया-ओशनिया गटाच्या लढतींत भारताच्या संघात अंकिता रैनासोबत प्रार्थना ठोंबरे होती. भारताने गटात दुसरं स्थान मिळवलं आणि प्ले-ऑफमध्ये प्रवेश केला. इंचॉनच्या पदकाला तेव्हा दहा वर्षं उलटून गेली होती आणि बार्शीची ही खेळाडू अजून देशासाठी कोर्टवर होती.

जळगाव-धुळ्यातल्या क्लबांनी, शाळांनी आणि क्रीडाशिक्षकांनी आता एवढं करावं. जिल्ह्याच्या स्पर्धांमध्ये प्रत्येक वयोगटाला दुहेरी आणि मिश्र दुहेरी ठेवावी. ती शेवटच्या दिवशी घाईत न उरकता तिला वेळ आणि चांगलं कोर्ट द्यावं. आणि एकेरीत उपांत्य फेरीत हरलेल्या, पण नेटवर हात चालणाऱ्या मुला-मुलीला घरी पाठवण्याआधी एक चांगला जोडीदार शोधून द्यावा.